नाझिब्रोलानं नांगरलेली नदी

जॉर्जियातल्या वेजाखेवी गावात सगळीकडे एकच कुजबुज होती, की नाझिब्रोला बेबो, म्हणजे नाझिब्रोला आजी, भल्या पहाटे औषधी पाण्याच्या झऱ्यात मीठ ओतते. "नाहीतर एवढं खारट लागतंय कुठून?" पोस्टमनची बायको भुवया उडवून विचारायची.

साफ खोटं. बेबो ओतत नव्हती, उपसत होती. वरच्या अंगाला पाणी बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यानं बोअर मारली, तसा झरा आटत चालला आणि कुंडात नदीचं गोडं पाणी झिरपू लागलं. गुडघाभर गार पाण्यात उभी राहून ती ते वरचं पाणी डब्यानं बाहेर टाकायची. तळाचं फसफसतं पाणी तरी पाहुण्यांच्या पेल्यात यावं!

सोव्हिएत काळात इथल्या आरोग्यधामात बँड वाजायचा. आगगाडी भरभरून कामगार पोटं सुधारायला यायचे आणि पेले भरणारी तरणी नाझिब्रोला पांढऱ्या टोपीत मिरवायची. आता त्या आरोग्यधामात गाई रवंथ करतात. उन्हाळ्यात येणारे चारदोन पाहुणे, त्यांच्यावर तिची चूल. झरा गेला की सगळंच गेलं.

मुलगी त्बिलिसीहून फोनवर रडायची, "आई, ये ना गं इकडे!"

"आणि झरा काय खिशात घालून आणू?"

गावप्रमुख मामूका पोट पुढे काढून म्हणाले, "पाणी आहे हो, बेबो. फक्त विश्रांती घेतंय."

"मग तुम्ही दोघं एकदमच उठाल!"

शेवटी तिनं नांगर काढला. अवर्षणात बायकांनी नदीच्या पात्रातून नांगर ओढायचा, ही जुनी रीत.

"अगं, ती पावसासाठी असते!" शेजारीण दारेजान ओरडली.

"पाणीच मागतोय ना? कुठलं ते देवाला कळत नाही होय?"

चार म्हाताऱ्या जुवाला लागल्या. पडल्या, रडल्या, पण नांगर पैलतीराला नेला.

देवानं रीतीबरहुकूम दिलं. असा पाऊस कोसळला की नदीच कुंडात शिरली. दारेजान उंबऱ्यावर मटकन बसली. "आपणच बुडवला गं झरा!"

तेव्हा मी, दारेजानची नात, बेबोला म्हणाले, "आता तू बॅग भरून त्बिलिसीला जाणार. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर पेलाभर पाणी तोंड वाकडं न करता प्यायचं."

सकाळी ती कुंडात कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उभी होती. मला बघून तिनं पेला भरला. मी गटागटा प्यायले.

"फसफसतंय?"

"नाही, बेबो."

तिनं पेला काठावर ठेवला आणि पुन्हा डबा बुडवला.