धुऱ्याची मासोळी

आमच्या लेआउटच्या नकाशावर पूर्वेच्या अंगाला एक तिरकी वाट आहे. तिच्यामुळे कोपऱ्यावरचे दोन प्लॉट गेले, तिसरा वाकडा झाला आणि माझ्या सख्ख्या भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. गावात अजूनही कुणी ना कुणी विचारतोच, "तुमी तं घरचेच इंजिनेर, मंग घरचेच प्लॉट कायले खाल्ले?" मी आजवर उत्तर दिलं नाही. गप्प राहणं हा माझा स्वभाव. या प्रकरणात माझा गुन्हाही तोच होता. म्हणून एकदाच लिहून टाकतो. माफी मागायला लिहीत नाही. ती वाट मी काढली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन.

माझा धंदा शेताचे प्लॉट पाडून देण्याचा. म्हणजे कागदावर पाडण्याचा. भंडाऱ्याला कचेरीच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, माझी खोली आहे. माणूस सातबारा घेऊन येतो, मोजणीचा नकाशा आणतो. मग मी त्याच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, रस्ते काढतो, मोकळी जागा सोडतो, प्लॉटांना आकडे घालतो, क्षेत्राचा तक्ता जमवतो आणि सही-शिक्का करून फाइल मंजुरीला लावतो. मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडावीच लागते. ती कुठे सोडायची यात खरी कारागिरी. जिथे पाणी साचतं, जिथे विजेचा खांब आडवा येतो, तिथे पोरांना खेळायला बगीचा. हे सगळेच करतात, मीही केलं. त्याबद्दल मला झोप लागत नाही असं काही नाही.

आमचं शेत पवनीच्या रस्त्यावर, गावाला खेटून. शेताच्या मागे मालगुजारीच्या काळातला तलाव. गावातली ढिवर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्यात मासे धरतात. त्यांच्या वस्तीतून तलावाला जायची वाट आमच्या शेताच्या धुऱ्यावरून. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. हा धुरा इतर धुऱ्यांपेक्षा रुंद, पायांनी कठीण झालेला, मधोमध गवत न उगवणारा. दुसरी वाट नाही असं नाही. पण ती डांबरी रस्त्यानं फिरून, तलावाच्या पलीकडच्या पाळीवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, बेशरमाच्या झुडपांतून जाते, आणि पावसाळ्यात तर बंदच होते. ओलं जाळं आणि भरली टोपली डोक्यावर घेऊन त्या फेऱ्यानं कुणी जाईल, तर त्यानं एकदा मला दाखवावं.

या वाटेचा कुठे कागद नव्हता. होती ती मासोळी. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठी मासेमारी होते. त्या दिवशीच्या पहिल्या टोपलीतला वाटा आमच्या घरी यायचा. त्याला 'धुऱ्याची मासोळी' म्हणत. बाबा होते तोवर ते स्वतः दारात उभे राहून टोपली घेत आणि रिकामी टोपली परत करताना तिच्यात ओंजळभर धान टाकत. मासोळी घेतली म्हणजे वर्षभर वाट मोकळी. ना सही, ना अंगठा. बाबा गेले तशी टोपली वहिनी घेऊ लागली. बाकी काही बदललं नाही.

दादानं प्लॉट पाडायचं काढलं तेव्हा मी त्याला नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. त्याचे गुडघे गेलेले. रोवणीला बाया मिळत नाहीत. पोरं नागपूरला, त्यांना चिखलात पाय घालायचा नाही. शेजारच्या दोन शेतांवर मुरूम पडून घरं उभी राहिली होती. तो म्हणाला, "तू आहेस ना? मंग कायची चिंता. तुह्या हातानं किती लोकायची घरं झाली, आता आपलं कर."

मी आनंदानं केलं. स्वतः टेप धरून शेत फिरलो. विहीर, आंबा, खांब, आणि धुऱ्यावरची ती वाटही मोजून घेतली. तशी सवयच आहे, जमिनीवर जे दिसतं ते आधी सगळं घ्यायचं. कॉम्प्युटरवर नकाशा एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखा काढतात. एका कागदावर हद्द, एकावर रस्ते, एकावर प्लॉट. पाहिजे तो कागद दाखवायचा, नको तो झाकायचा. वाट मी वेगळ्या कागदावर काढली होती, लाल रंगात.

दादा पडद्यासमोर वाकून बसला. "हे लाल काय होय?"

"ढिवरायची वाट."

"सातबाऱ्यावर आहे?"

"नाई."

"मंग?"

एवढंच विचारलं त्यानं. मी माऊस हलवला आणि लाल रेघ झाकली. पुसली नाही, झाकली. इतकी वर्षं मी स्वतःला हाच फरक सांगत राहिलो असतो, जर पुढचं घडलं नसतं.

फाइल लागली. दरम्यान उन्हाळा आला, तलाव उतरला. मी रविवारचा गावीच होतो. अंगणात काकीचा आवाज आला. काकी म्हणजे ढिवर मोहल्ल्यातली, आईच्या वयाची नसेल पण तिच्या मागचीच, अंगानं उंच आणि जिभेनं त्याहून उंच. टोपली घेऊन ती दारात उभी होती. मरळ होते, वरून झिंगे. वहिनीनं नेहमीसारखी टोपली घेतली, नेहमीसारखं धान टाकलं. गल्लीत दोन-तीन बाया पाण्याला चालल्या होत्या, त्यांनी पाहिलं. दादा आत दाढी करत होता.

जेवताना दादाच्या लक्षात आलं. जवसाच्या तेलातला रस्सा त्यानं भुरकला आणि हात थांबला. "ही मासोळी कुठली?"

"धुऱ्याची," वहिनी म्हणाली. "अजून कुठली राहीन?"

"अन् तू घेतली?"

"मंग का फेकून देऊ? दरसाल घेते."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. वाट बुजवायची होती तर मासोळी परत करायला हवी होती. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नकाशा, तक्ता, शपथपत्र, सगळं आम्ही चोख केलं होतं, आणि घरातल्या बाईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दादा जेवला. मीही जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

पाऊस पडायच्या आधी नगररचनेचे साहेब जागा पाहायला आले. कसं कोण जाणे, ढिवर मोहल्ल्यालाही कळलं. पाच-सात माणसं आणि काकी धुऱ्यावर येऊन उभी राहिली. गोंगाट केला नाही. साहेबांनी नकाशा उलगडला तेव्हा काकी म्हणाली, "साहेब, याच्यात आमची वाट कुठं आहे, थे दाखवा."

दादा पुढे झाला. "वाट नाई साहेब. शेताचा धुरा आहे. येऊ देतो आम्ही माणुसकीनं."

"माणुसकीची मासोळी खाता का मंग?" काकीनं विचारलं. "यंदाची तं अजून पचली नसन."

माणसं हसली. दादाचं तोंड लाल झालं. "शेजारी म्हणून देता तुमी. प्रेमानं देता."

"प्रेमानं?" काकी म्हणाली. "माह्या नवऱ्याले मी कधी मरळ प्रेमानं देल्ला नाई, तुले देईन?"

आता साहेबही हसले. मग माझ्याकडे वळले. "नकाशा तुमचा आहे आणि तुम्ही घरचेही आहात. वहिवाट आहे का इथे?"

मी म्हणालो, "अभिलेखात नोंद नाही, साहेब."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या धंद्यात अशी वाक्यं तयारच असतात. साहेबांनी मान हलवली, वहीत काही लिहिलं आणि म्हणाले की लेखी हरकत असेल तर ऑफिसला द्या. मंडळी पांगू लागली. काकी माझ्याजवळून जाताना थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात, खरोखर काळजी असल्यासारखी बोलली.

"काय झालं रे बाबू? काटा अडकला का घशात?"

आणि त्याच धुऱ्यावरून, आमच्या कागदावर नसलेल्या वाटेवरून, घरी गेली.

मी लहानपणापासून कमी बोलतो. लोकांनी त्याला समंजसपणा म्हटलं, मीही तसंच समजत आलो. त्या दिवशी कळलं की माझं गप्प राहणं नेहमी एकाच बाजूच्या कामी आलं होतं. ज्याच्याजवळ कागद आहे त्याच्या. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि मी तो एकदाही मोडला नव्हता.

ऑफिसात येऊन मी लाल रेघ उघडली. नुसती दाखवली असती तर ती दोन प्लॉटांच्या पोटातून गेली असती. म्हणून प्लॉट काढले. वाटेला टोपली आणि जाळं घेऊन दोन माणसं समोरासमोर जातील, बैलगाडी निघेल, एवढी रुंदी दिली. मोकळी जागाही हलवली. ती मी खोलगट कोपऱ्यात टाकली होती. आता वाटेला लागून, तलावाच्या बाजूला घेतली, जाळी वाळवता येतील अशी. मग प्रिंट काढून गावी गेलो.

दादानं कागद अंगणातल्या बाजेवर पसरला. "हे काय होय?"

"वाट."

"मोजणीत नाई, सातबाऱ्यावर नाई. तुह्या नकाशावर कुठून आली बे? आभाळातून पडली?"

"धुऱ्यावरून आली. मी चाललो तिच्यावरून, तूई चालला. बाबाई चालले."

"बाबाचं नाव नको काढू."

"नाई काढत. मासोळी आपण दोघांनी खाल्ली, थे तं काढू?"

तो वहिनीवर घसरला. "हिनं टोपली घेतली म्हणून हे सारं."

वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, माहीच चूक. तुमी दोघं शिकलेसवरले, मी आपली अडाणी. दारावर आलेली मासोळी वाटेची आहे का पोटाची, हे इचारलं पायजे होतं."

दादा माझ्याकडे परतला. "मी दुसरा इंजिनेर पाहतो. ढीगभर पडले आहेत भंडाऱ्यात."

"पाह्य. पण अर्जावर माही सही लागते. जमीन दोघायच्या नावानं आहे. वाट नसन त्या कागदावर माही सही नाई."

"हिस्सा पायजे तं सरळ बोल. नाटकं कायले करून राहिला?"

"गेले थे दोन्ही प्लॉट माह्या हिश्श्यात धर. झालं?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलत होतो आणि तो गप्प होता. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हेही आज लिहून ठेवतो. दादानं नव्या कागदावर सही केली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुधारित नकाशा घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, त्या दिवशी मी अर्धंच बोललो. वहिवाट आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे."

त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. "पहिलाही तुम्हीच केला होता. मग तेव्हा का दाखवली नाही?"

"दाखवायची नव्हती म्हणून."

या उत्तराची त्यांना सवय नसावी. "हे असंच लिहून द्याल?"

"असंच देतो."

दिलं. माझ्या हातानं, माझ्या शिक्क्यानिशी. व्यवसायातल्या एकानं मला चहाच्या टपरीवर गाठून समजावलं, "असं लेखी देतात का कुठं? चुकून राहिली म्हणायचं. तुमच्या लायसनवर येईल ना." मी त्याला म्हणालो, येऊ दे. चुकून राहिली नव्हती, तर चुकून राहिली असं का लिहू? त्यानंतर काही गिऱ्हाइकं तुटली. माझ्याकडे आलं तर शेतातली पायवाटही नकाशावर चढते, असं नाव झालं. चढतेच. ज्यांना नको त्यांनी शेजारच्या जिन्यानं वरच्या दुसऱ्या इंजिनिअरकडे जावं.

फाइलला वेळ लागला, पण मंजुरी आली. वाट मंजूर नकाशात आली, लेआउटचा सार्वजनिक रस्ता म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात हद्दीचे दगड रोवायला मी गेलो. दादा आला नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड मी उभा राहून रोवून घेतले, दोरी धरून, एकेक तपासून.

तलाव उतरला होता. काकी टोपली घेऊन वर आली आणि नव्या दगडाजवळ थांबली. पायानं दगड हलवून पाहिला. हलला नाही.

"आता हे कोणाची झाली?" तिनं विचारलं.

"सगळ्यायची. कागदावर आली."

"मंग धुऱ्याची मासोळी कोणाले द्यायची? तुह्या भावाले का सरकारले?"

मी हा विचार केलाच नव्हता. धुरा संपला, तशी मासोळीही संपली होती. आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून येणारी टोपली मीच बंद केली होती. दादाला हे कळेल तेव्हा तो आणखी एक वर्ष बोलणार नाही, हेही लगेच दिसलं.

"कोणालेच नको देऊ, काकी," मी म्हणालो. "आमी खाल्ली थे पुष्कळ झाली."

तिनं टोपलीवरचा ओला फडका सारखा केला. मला वाटलं, तरी एखादा मरळ काढून देईल. दिला नाही.

"खावीशी वाटली तं बजारात ये," ती म्हणाली. "पयशानं देईन. अन् भाव करशीन तं झिंगाई नाई भेटणार."

ती वाटेनं निघून गेली. दगडांच्या मधून, सरळ. मी आता बाजाराच्या दिवशी गावी गेलो की तिच्याकडूनच मासोळी घेतो. ती काट्यावर वजन करते, वर एक झिंगासुद्धा टाकत नाही. मी भाव करत नाही. पिशवी घेऊन दादाच्या घरावरून जातो. तो अंगणात असला तर मान फिरवतो. वहिनी पिशवीकडे पाहून विचारते, "काय भेटलं भावजी?" मी मोठ्यानं सांगतो, त्याला ऐकू जाईल असं.