टाकीवरचे चार फोन

"वेल्ह्याकडची चौघं ना? ती हजेरीपुरती जिवंत असतात." सर कुणाला तरी म्हणाले आणि हसले. तास संपला असं त्यांना वाटलं होतं, माईक बंद करायचा राहिला होता. आम्ही चौघं गावातल्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर ते ऐकत होतो.

"म्हंजी आपून मेल्यात जमा," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. घरच्यांना गवताला जाते सांगून त्या तासाला येत, त्यामुळे विळा कायम पायाशी असे.

मी सरांचं वाक्य तेवढं जसंच्या तसं मनात ठेवलं.

आम्ही भोरला बीएड करत होतो. रोज नसरापूरला एसटी बदलून जाणं अवघड, म्हणून आठवड्यातले काही तास मोबाईलवर होत. या सरांचा विषयच मुळी ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं, हा. चर्चेत भाग घेण्याला गुण होते. आमचे रकाने कोरे.

कारण साधं होतं. गावात रेंज फक्त टाकीजवळ येते. चार फोन शेजारी शेजारी, इअरफोन एकाकडेही नाही. एकाने माईक उघडला की त्याचाच आवाज उरलेल्या तीन फोनांतून परत यायचा आणि अशी शिट्टी वाजायची की टाकीवरचे पारवे उडायचे. आवाज बारीक करावा, तर सर मध्येच नाव पुकारत. ओ दिली नाही की गैरहजेरी.

एकदा मी चॅटमध्ये लिहिलं, 'सर, आम्ही चौघं एकाच फोनवरून बसलो तर चालेल का?' सरांनी ते मोठ्याने वाचलं. "इंग्लिश मीडियमच्या मॅडम आता आम्हाला शिकवणार! मग तोंडाने बोला ना, मॅडम." वर्ग हसला. हसणाऱ्या प्रत्येक चौकटीखालचं नाव मी वाचून ठेवलं. भोरला मावशीकडे राहून मी दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत शिकले होते, पण चारचौघांत बोलायला कुठल्याच भाषेत शिकले नव्हते.

मग कळलं, प्राचार्य मॅडम पाहुण्यांना घेऊन सरांचा तास बघायला बसणार आहेत. आदल्या तासाला सरांनी तालीम घेतली. कुठला प्रश्न, कुणी हात वर करायचा, काय उत्तर द्यायचं, खरं वाटावं म्हणून कुठे अडखळायचं. शेवटी म्हणाले, "वेल्हेकरांनी माईक बंद ठेवायचे. तुमची ती शिट्टी नको."

म्हणजे शिट्टी त्यांना माहीत होती.

मी कट्ट्यावर तिघांना माझा बेत सांगितला. एवढं सलग बोलताना त्यांनी मला पहिल्यांदाच ऐकलं असेल. "गप बसून लई साठवलंस की गं," वहिनी म्हणाल्या. आमच्यातला एकजण चाचरला, "सर गुण कापतील."

"कशातनं कापतील? हायेत का?" वहिनींनी विचारलं.

त्या दिवशी तास रंगला. भोरची मुलं ठरल्या जागी अडखळली. प्राचार्य मॅडमच्या चौकटीत पाहुणे माना डोलवत होते. सर म्हणाले, "आपण विश्वास दाखवला की मुलं आपोआप बोलू लागतात."

मी मान हलवली. चौघांनी एकदम माईक उघडले.

इतकी मोठी शिट्टी आमच्याकडूनही कधी वाजली नव्हती. सरांनी कानातली बोंडं उपटून काढली, पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. सरांना पडद्यावर कुठे बोट ठेवावं ते सुचेना. मला फार बरं वाटलं. ते आणखी थोडा वेळ चालावं असंही वाटलं, आणि मी तेवढं चालू दिलं.

"बंद करा! बंद करा ते!" सर ओरडले. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माफ करा मॅडम. डोंगरातली मुलं आहेत, अजून फोन नीट वापरता येत नाही त्यांना."

ठरल्याप्रमाणे तिघांनी आपले फोन बंद केले. शिट्टी थांबली. माझा एकटीचा माईक उघडा राहिला.

"कोण आहे? बोल बाळ," प्राचार्य मॅडम म्हणाल्या. सर काही बोलणार, तोच मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. वहिनींनी माझ्या पाठीत कोपर मारलं.

मी फोन तोंडाजवळ धरला. आवाज कापला नाही.

"मॅडम, आम्हाला फोन वापरता येतो. आज कुणी काय बोलायचं ते सरांनी मागच्या तासालाच ठरवून दिलं होतं, कुठे अडखळायचं तेसुद्धा. आम्हाला गप्प बसायचं काम दिलं होतं. तेवढं आम्ही केलं नाही."