उघडलेलं इंजिन

आमच्या घरी लहान मोटार आली आणि दोनच महिन्यांत बंद पडली. माझे यजमान वकील होते. त्यांनी ती पूर्वी गिरणीत फिटर असलेल्या एका मिस्त्रींकडे दिली. मिस्त्रींनी इंजिन पुरतं खोललं, झिजलेले भाग स्वतः घडवून बसवले आणि म्हणाले, "आता लई वर्सं चालंल की, साहेब."

आणि चाललीच. सात वर्षं आम्ही बार्शीला, अक्कलकोटला, कुठे कुठे गेलो. इंजिन वाटेत एकदाही थांबलं नाही. तरी यजमान मिस्त्रींना सारखे बोलावून घेत, अंगणात उन्हात उभं करत आणि आल्यागेल्यासमोर म्हणत, "यानं उघडलेलं इंजिन! कधी दगा देईल, नेम नाही." मिस्त्री वाकून तेल तपासत. आत माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे मोटार विकायची ठरली. बार्शीचे एक व्यापारी बघायला आले, तर यजमान त्यांना सांगू लागले, "सात वर्षांत इंजिनाला हात लावावा लागला नाही. वापरणारा माहीतगार पाहिजे!"

माझ्या अंगाची आग झाली. परक्या पुरुषासमोर कधी न येणारी मी तरातरा ओसरीवर आले. "खोटं आहे. दोन महिन्यांत बंद पडली होती. मिस्त्रींनी हात लावला म्हणून चालली. त्यांनाच विचारा."

व्यापारी खरोखरच मिस्त्रींकडे गेले, सगळं ऐकून घेतलं आणि मोटार घेऊन गेले. यजमान महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही. अजूनही ते 'माहीतगार' आठवलं की माझं डोकं तापतं.