माशांची सोयरीक

गिऱ्हाईक दारात आले की दुकानदार हसतो. सोयरीकभाई कपाळाला आठ्या घालायचा. मसोलीला रस्त्याकडेला त्याचे घरात पाळायच्या माशांचे दुकान होते. रंगीत चिल्लीपिल्ली तो कोणालाही द्यायचा. अडायचा तो मोठ्या, शिकार करून खाणाऱ्या माशांपाशी. टाकी किती फुटी, आत आधी कोण आहे, किती वीत लांब आहे, एकटा राहिलेला आहे का, सगळे विचारून झाल्यावर म्हणायचा, "नाय जमणार." मुलीचा बाप स्थळाची करतो तशी चौकशी, म्हणून लोकांनी त्याचे नाव सोयरीकभाई पाडले. खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते. मी चौथी शिकलेला माणूस, मी काही ते वाचले नाही.

त्याचे शास्त्र अंगठा आणि बोटात होते. दोन्ही फाकवून माशाच्या तोंडाचे माप घ्यायचा आणि सांगायचा, "आधी तोंड बघायचं. जो तोंडात मावतो तो शेजारी नाय, तो घास." स्वतः पक्का शाकाहारी. मोठ्या माशांना कोलंबी टाकताना मान दुसरीकडे फिरवायचा. मी एकदा म्हटले, "भाई, एवढा त्रास होतो तर चणे-फुटाणे विकायचे." तो म्हणाला, "चण्यांची भांडणं होत नाय, काका. मला तिथे काय काम?"

माझ्यासमोरची गोष्ट. बोर्डीकडचा एक चिकूवाडीवाला शेठ आला. त्याला तीन फुटी टाकीत एक अरोवाना, एक लाल शेपटीचा कॅटफिश आणि एक ऑस्कर असे तिघे हवे होते. म्हणाला, "तिघंही मांस खाणारे, तिघंही तगडे. जमेल त्यांचं."

"शेठ, तीन गुंड एका खोलीत कोंडले म्हणून भाऊ होतात काय?" सोयरीकभाई म्हणाला. "आणि हा लाल शेपटीवाला आज वीतभर आहे. पुढल्या वर्षी हातभर होईल. तेव्हा टाकी वाढवणार का बंगला?"

शेठ रागावून गेला आणि वापीहून तिन्ही मासे घेऊन आला. महिन्याभराने फोनमधला फोटो दाखवायला परत दुकानात. टाकीत फक्त कॅटफिश, पोट ढोलासारखे, आणि तोंडातून अरोवानाची शेपटी बाहेर. मी हसू दाबत होतो. सोयरीकभाई अजिबात हसला नाही. म्हणाला, "आता एकटाच आहे ना? त्याला मोठी टाकी करा." शेठने नवे मासे मागितले, तर तेही दिले नाहीत.

मी त्या दुकानात कसा गेलो ते सांगतो. आम्ही चिंचणीचे. मी जन्मभर बोटीवर, बायको तलासरीच्या बाजारात मासे विकायची. आमच्या घरात जिवंत मासा पाळायचे कोणी नाव काढले असते तर त्याला वेड्यात काढले असते. पण बायकोचे गुडघे गेले, डोक्यावरची पाटी सुटली. बाजारात दिवसभर बोलणारी बाई, घरात बसून तिचा जीव जायला लागला. मुलीने तिला चार फुटी काचेची टाकी आणून दिली आणि मासा आणायला मला मसोलीला धाडले. टाकी आणि घर दोन्ही बघितल्याशिवाय मासा द्यायचा नाही हा सोयरीकभाईचा नियम, म्हणून एक ऑस्कर पिशवीत घालून तो स्वतः आला.

काळा मासा, अंगावर नारिंगी डाग. बायकोने निरखून विचारले, "हा किती किलोचा होतो? काटे फार असतील याला."

सोयरीकभाईने कान पकडले. "काकी, हा खायचा नाय."

"मग याचं करायचं काय?"

"तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही त्याच्याकडे बघायचं."

"तसा एक आहे घरात," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

माशाचे नाव तिने जावई ठेवले. नुसता बघतो आणि आयते खातो म्हणून. खऱ्या जावयाला कळले तेव्हा तो दोन महिने आमच्याकडे जेवला नाही. तिला त्याचे काही वाटले नाही. टाकीपुढे बसून माशाशी बाजारभाव बोलायची.

दोन हजार पंधराच्या थंडीत ती गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी माणूस नाही. माशाने खाणे सोडले. कोपऱ्यात तळाला बसून राहायचा. मला वाटले, मासे मला कोण शिकवणार? मी सुका जवळा टाकला. तो खाल्ला नाहीच, पाणी तेवढे नासले. मग वाटले, याला सोबत पाहिजे. रानशेतला बायकोचे एक जुने गिऱ्हाईक होते, त्याने ओहळातला जिवंत मरळ डब्यात घालून दिला. लांबीला दोघे सारखे. मी लांबी बघितली, तोंड बघितले नाही. सकाळी उठलो तर जावयाचा एक डोळा गेलेला, पंख फाटलेले, पाण्यात खवले तरंगत होते.

मी मसोलीला गेलो. सोयरीकभाईने भर दुकानाच्या वेळी शटर ओढले आणि स्कूटरवर मला मागे बसवून चिंचणीला आला. मरळ जाळीने बादलीत काढला, पाणी बदलले, आणि मग माझ्याकडे वळला. "काका, जन्मभर मासे मारले तुम्ही. एक जगवून दाखवा."

मला झोंबले. पण ऐकून घेतले, कारण तो मासा मेला असता तर त्या घरात मी एकटाच श्वास घेणारा उरलो असतो. मरळ मी संध्याकाळी कालवण करून खाल्ला. खोटे कशाला सांगू.

महिनाभर त्याने सांगितले तसे दिवसाआड थोडे थोडे पाणी बदलले. जखम भरली. खायला मात्र लागेना. तेव्हा सोयरीकभाई एक पिशवी घेऊन आला. आत वामीसारखा लांबुळका, पाठीवर करवतीचे दाते असलेला मासा. बिचिर म्हणाला त्याला. "हा तळाला पडून राहील. शिकारी आहे, पण दोघं एकमेकांच्या तोंडात मावत नाय. फक्त आधी टाकीतले दगड सगळे काढायचे. जुनी मांडणी राहिली की जुना मासा म्हणतो घर माझं, आणि नवा मार खातो. सगळं बदललं की दोघंही पाहुणे."

ते दगड बायकोने मांडलेले होते. मोठे मागे, लहान पुढे, बाजारात माशांचे वाटे लावायची तसे. तिची लुगडी-चोळ्या मुलीने वाटून टाकल्या होत्या. पाटी शेजारणीने नेली. तिच्या हातचे म्हणून घरात तेवढेच होते. मी म्हटले, "दगडाला हात लावलास तर हात मोडीन."

"मी नाय लावणार," तो म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला. "याला संध्याकाळपर्यंत हवा पुरते. तोवर बसतो."

मी आत बाहेर केले, चहा केला, तो त्याने प्यायला, कप विसळून ठेवला आणि परत बसला. उन्हे भिंतीवरून खाली आली तेव्हा मी बाही वर केली आणि टाकीत हात घातला. एकेक दगड काढून परातीत ठेवला. रिकामी टाकी मला बघवेना.

"कसे लावू?" मी विचारले.

"लावा तुम्हाला येतील तसे."

मी कसेतरी लावले. तिने बघितले असते तर म्हणाली असती, असा वाटा मांडलास तर कुत्रं पण फिरकणार नाही. मधे काच घालून सोयरीकभाईने दोघांना पंधरा दिवस नुसते बघू दिले, मग काच काढली. मारामारी झाली नाही. तिसऱ्या दिवशी जावयाने माझ्या बोटातून कोलंबी घेतली. मी धावत जाऊन मसोलीला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "हां, मग? खाणारच. जास्त देऊ नका."

दोन हजार एकोणीसला त्याने दुकान बंद केले आणि नवसारीला भावाकडे जायचे ठरवले. दम लागायचा त्याला. दुकानातले मोठे मासे घरे बघून बघून दिले, त्यात चार महिने गेले. जायच्या आधी चिंचणीला आला. टाकीसमोर बसला आणि म्हणाला, "ऑस्कर आणखी पाचसहा वर्षं सहज काढेल. तुमच्या मागे याचं कोण?"

मी भडकलो. "माझी मयत ठरवायला आलास काय?"

"माशाचं ठरवायला आलोय. तुमचं तुम्ही बघा."

असा गेला. हातात हात घेतला नाही, येतो म्हटले नाही. कोपऱ्यापर्यंत स्कूटरचा आवाज ऐकत मी उभा राहिलो. चार दिवस मी त्याला शिव्या दिल्या, पाचव्या दिवशी मुलीला बोलावून घेतले. कोलंबी सोलून तिच्या बोटात दिली आणि म्हटले, हात आत घाल. ती घाबरली. जावई आधी मागे सरला, मग चांगल्या डोळ्याची बाजू तिच्याकडे करून थांबला, मग आला आणि घास घेतला. मुलीचे डोळे भरले.

"आई असंच द्यायची का, बाबा?"

"आईचं आईबरोबर," मी म्हटले. "तू खाली पाणी सांडू नको."