वाटेवरचा पांढरा क्रूस

मालवणचा किनारा आणि किल्ला यांच्यामधल्या पाण्याला शाळेतले मास्तर सामुद्रधुनी म्हणतात. आम्ही नुसतं वाट म्हणतो. वरून पाणी सगळीकडे सारखंच, पण खाली खडक दबा धरून बसलेत. ही वाट ज्याला ठाऊक, त्याचंच बंदर आणि त्याचाच किल्ला.

वाटेची खूण म्हणजे आपोलिनाच्या दारासमोरचा क्रूस. तिच्या सासऱ्याने बांधलेला. तो टेकडीवरच्या एकट्या वडाच्या रेषेत आला की होडी सरळ आत घ्यायची. नवरा वारल्यावर मासळी विकून पोट भरणारी आपोलिना दर दिवाळीच्या सुमाराला त्याला चुना लावायची. जीभ तिखट, पण कोणाची होडी यायची राहिली की हिचा जीव खालीवर.

एकसष्ट साली गोव्याच्या हद्दीवर सैन्य जमू लागलं आणि आमच्या गावाच्या डोक्यात किडा शिरला. आपोलिनाचा भाऊ गोव्यात, पोर्तुगीजांच्या बोटी गोव्यात, आणि हिचा क्रूस पांढराशुभ्र! होडीवाला काशीराम चार माणसं घेऊन तिच्या दारात गेला.

"चुनो कोणाक दिसूक लावतस गो?"

"सासरो लावी, म्हणान मी लावतंय."

"फिरंग्याक वाट दाखवतस तू. परत पांढरो दिसलो तर घर सोडून भावाकडे जावचा लागतला."

त्यांनी क्रुसाला होडीचं डांबर फासलं. ती दारात उभी राहून बघत होती. रडली नाही, म्हणून लोकांनी तिच्यावर आणखीच संशय घेतला. मला आजही त्या माणसांचा राग येतो.

आठवड्याभरात अवकाळी वादळ आलं. बाकीच्या होड्या आधीच परतल्या होत्या, काशीरामाची तेवढी बाहेर. काळा क्रूस मागच्या झाडीत दिसेनासा झालेला. होडी खडकांबाहेर हेलकावत होती आणि त्याला वाट सापडत नव्हती.

घर जाईल हे आपोलिना विसरली नव्हती. तरी तिने पलंगावरची पांढरी चादर ओढली आणि भर पावसात क्रुसाला बांधली. काशीरामाने चादर वडाच्या रेषेत धरली आणि होडी आत आणली.

ओलाचिंब तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता पाया पडेल.

"चादर कोणाक दाखवूक बांधलंस?" त्याने विचारलं.

"तुका रे मेल्या! भायर दुसरो होतो कोण?"

त्याने वळून समुद्राकडे बघितलं, आणखी कोणाची बोट दिसते का म्हणून. दिसली नाही. तरी त्या दिवसापासून तिच्या दारावर पहारा बसला. चादर मात्र सोडायला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना होड्या काढायच्या होत्या.