कानोत्याच्या धरणावरची प्रार्थना

पुदिन्याची चटणी वाटताना त्याचा वास आला की मला कानोत्याचं धरण आठवतं. बँकेतल्या बदलीमुळे मी जयपूरला आले, तेव्हा आईही माझ्यासोबत बनी पार्कात राहायला आली होती. मी पस्तिशी ओलांडली होती आणि लग्न काही जमत नव्हतं. जेवणाआधीची आईची प्रत्येक प्रार्थना "प्रभू, हिला चांगला जोडीदार दे" इथेच येऊन संपायची. सोबत मलाही हवीच होती, पण ते रोज ऐकून आपल्यातच काही कमी आहे असं वाटायचं. एका रविवारी चर्चमधून आम्ही दोघी परस्पर धरणावर गेलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता. चटणीची सँडविचं उघडून आईने डोळे मिटले. "प्रभू, या अन्नासाठी आणि माझ्या या लेकीसाठी तुझे आभार. आमेन." मी डोळे मिटूनच थांबले, पण पुढे काहीच आलं नाही. "आई, आज विसरलीस?" "नाही गं. तोच विसरेल अशा भीतीने मी रोज आठवण करून देत होते. आता त्याच्यावर सोडलंय." मला एकदम रडू आलं, आणि मग इतकी भूक लागली की आईच्या वाटचं सँडविचही मीच खाल्लं. लग्न अजून झालेलं नाही. इच्छा आहेच, आणि अधूनमधून मी ती देवाला सांगतेही. पण सांगितलं की आता शांत झोप लागते.