खाजगी हाय, फादर

"फादर, मरियामाता बेदाण्याच्या शेडमध्ये आली म्हणतात. तुमची हद्द आहे. जाऊन बघा आणि रिपोर्ट द्या."

बिशपांचा फोन. मी सांगलीतल्या एका छोट्या पॅरिशचा धर्मगुरू. मिस्सा, लग्नं, मयत, दवाखान्यातल्या भेटी आणि चर्चच्या पत्र्याची गळती, हे माझं रोजचं काम. देवाची आई नेमकी कुठं दिसली याचा तपास करायची ही पहिलीच वेळ. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आधीच फिरत होता. त्यात शेड दिसत होती, गर्दी दिसत होती. मरिया तेवढी दिसत नव्हती.

तासगावची एसटी धरली. शेडच्या दारातच मालक तात्या भेटले. माजी सैनिक, मिशी अजून ड्युटीवर. शेडचा एक कोपरा त्यांनी शेणानं सारवून घेतला होता. नारळ, उदबत्ती, हळदकुंकू, सगळं जय्यत.

"फादर, वरनं ऑर्डर आली का? तुमी फकस्त व्हय म्हणा. मंदिराला जागा माझी, बांधकाम माझं."

"तात्या, अजून चौकशी व्हायचीय."

"आवं, चौकशी कसली? सुसानाबाई खोटं बोलायची न्हाई. लय सोन्यावानी बाई हाय."

माणूस हिंदू, देवी आमची, आणि जागा द्यायची घाई त्याला. मला तर तात्यांचा गालगुच्चा घ्यावासा वाटला.

मरिया जिला दिसली त्या सुसानामावशींचं घर शेडच्या मागंच. दाराशी पंधरा-वीस माणसं बसलेली. आपल्याकडं देवाला प्रश्न विचारून कौल लावायची पद्धत आहे. लोकांना वाटलं, बाईच्या अंगात येतंय, तर आपणही विचारून घ्यावं. एकाला औंदा बेदाण्याला रेट काय लागंल ते हवं होतं, एकीला पोरीचं लगीन कवा जमंल ते.

आत खाटेवर मावशींचे यजमान, याकोब. लकवा मारल्यापासून अंथरुणावरच. बाहेरच्या गलक्यानं त्यांचा डोळा लागत नव्हता. मावशी त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या आणि दर दोन घासांना दाराकडं बघत होत्या. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं ते सांगा, मावशी."

"दुपारच्याला बाया जेवाय गेल्या हुत्या. मी एकटीच बेदाणा निवडत बसले हुते. ती म्होरं येऊन बसली. हिरवं लुगडं, हाताला बेदाण्याचा चिकटा. म्हणली, लय दमलीस गं सुसाना, बस जरा. म्हणलं, बसलीया की! तर म्हणली, न्हाई. तू बसतच न्हाईस."

याकोब खाटेवरून मान हलवत होते. त्यांना ते पटलेलं होतं.

"अजून एक बोलली," मावशी म्हणाल्या. "ते कुणालाच सांगितलं न्हाई. तुमच्यासाठी ठिवलंय."

इथं मी शहाण्यासारखं ते आधी ऐकून घ्यायला हवं होतं. पण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या विद्यालयात, शिकलेला क्रम डोक्यात पक्का. साक्षीदाराला आधी नियम समजावायचे, मग जबाब. म्हणून म्हटलं, थांबा मावशी, आधी माझं ऐका.

नियम तसे साधे आहेत. देवाला सगळ्या माणसांना जे सांगायचं होतं ते ख्रिस्तात सांगून झालं. त्याच्या शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या, काळाबरोबर ते पुरं झालं, त्यात आता भर नाही. त्यानंतर कुणाला काही दिसलं, ऐकू आलं, तर त्याला आम्ही खाजगी साक्षात्कार म्हणतो. चर्चनं तपासून परवानगी दिली तरी ती एवढंच सांगते की यात श्रद्धेविरुद्ध काही नाही, ज्याला मानायचं त्यानं मानावं. न मानणाऱ्याला पाप नाही.

"खाजगी म्हंजी? दवाखान्यावानी? सरकारी न्हाई, त्ये?"

"तसं नाही हो! म्हणजे सगळ्यांसाठी नाही. ज्याला दिसलं त्याच्यापुरतं."

परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर आमच्या प्राध्यापकांनी अर्धे मार्क कापले असते. खाजगी साक्षात्कारातून दुसऱ्यांनाही बळ मिळू शकतं. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

मावशींनी वाटी खाली ठेवली. "माझ्यापुरतं?"

"हो."

"म्हंजी ती माझ्यासाठीच आलती? एवढी मोठी बाई, देवाची आई, फकस्त माझ्यासाठी?"

आणि त्या रडायला लागल्या. "मला वाटलं, तिनं गावासाठी निरोप धाडलाय न् मलाच त्यो कळला न्हाई. माणसं इचारत्यात, मला काय सांगाय येत न्हाई. लय जीव घाबरा झालता, फादर."

मलाही भरून आलं. खोटं कशाला सांगू?

मावशींनी डोळे पुसले, पदर खोचला आणि तरातरा दारात गेल्या. "घरला जावा समदी. ती माझ्याकडं आलती. खाजगी हाय त्ये."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. तात्यांनी मात्र हुकूम लगेच उचलला. "ऐकलं न्हवं? म्याटर खाजगी हाय! चला, हला!" अंगण रिकामं झालं. याकोब घोरायला लागले. आणि मावशी भिंतीला टेकून, पाय पसरून, चक्क बसल्या.

मी पेन काढलं. "हां मावशी, आता ते दुसरं वाक्य."

त्या माझ्याकडं बघून गोड हसल्या. "आवं, खाजगी हाय न्हवं? तुमीच सांगितलं की."

बिशपांना फोनवर सगळं सांगितलं.

"आणि त्या दुसऱ्या वाक्यात काही श्रद्धेविरुद्ध असलं तर?"

"झाड फळावरून ओळखावं असं आपणच शिकवतो. बाई शांत आहे, नवऱ्याला झोप लागली, मंदिर रद्द झालं."

बिशपांनी आवाज खाली आणला. मग, "काय असेल हो ते, फादर?"

सारवलेल्या कोपऱ्यात तात्यांनी आता निवडणाऱ्या बायांसाठी बाकडं टाकलंय. मी महिन्यातून एकदा याकोबना कम्युनियनचा प्रसाद द्यायला जातो, तेव्हा मावशी मला तिथं बसवून चहा देतात आणि स्वतःही शेजारी बसतात. दरवेळी विचारतो, आता तरी सांगा. दरवेळी तेच उत्तर. नव्या धर्मगुरूंना मी एवढंच सांगतो: शिकवण नंतरही देता येते, आधी बाईचं बोलणं पुरं होऊ द्या.